रिकामा किनारा

मारुंजीच्या चौकात भाजीच्या टेम्पोपाशी मेथीची जुडी उलटीसुलटी करून बघत असताना मला माझं वाक्य दिसलं. म्हणजे वाक्य आधी दिसलं, ते माझं आहे हे मागून कळलं. लग्नात एखादीच्या अंगावरची साडी बघून आधी वाटावं की बरी दिसतेय, आणि मग लक्षात यावं की ही तर आपण पिकोला टाकलेली, तसं. रस्त्यापलीकडे नव्या फ्लेक्सवर तळ्याचं चित्र होतं, इतकं निळं की ते आपल्याकडचं असणं शक्य नव्हतं, आणि त्यावर मोठ्या अक्षरांत इंग्रजीत लिहिलं होतं, ‘अ शोअर दॅट फाउंड इट्स गोल्डन एज’. ज्या किनाऱ्याला त्याचा सुवर्णकाळ गवसला तो किनारा. हे मी लिहिलं होतं. आमच्या स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी, कुकरच्या शिट्ट्यांच्या मध्ये, दोनदा खोडून. पण मी ते मुळशीच्या एका रिसॉर्टच्या आतल्या भिंतीसाठी लिहिलं होतं, आणि ती भिंत तर अजून रंगवूनही झाली नव्हती. फ्लेक्सवर माझ्या वाक्याच्या खाली बारीक अक्षरांत आणखी दोन शब्द होते, ते मात्र माझे नव्हते. ‘अनटच्ड. अनइनहॅबिटेड.’ हात न लागलेला, कुणीही राहत नसलेला. आणि मग प्लॉटसाठी फोन नंबर. भाजीवाला म्हणाला, “ताई, घेताय का ठेवताय?” मी मेथी ठेवली आणि घरी आले. संध्याकाळी भाजी काय, हा प्रश्न त्या दोन शब्दांमुळे निर्माण झाला असं मी नवऱ्याला, विलासना, सांगितलं तर त्यांना पटलं नसतं.

मी इंग्रजी लिहून देते. शिकलेली म्हणाल तर तशी नाही. मुलगी मृण्मयी पहिलीत गेली तेव्हा मीही तिच्या पुस्तकांबरोबर पहिलीत गेले. ती वर्ग ओलांडत पुढे गेली, बंगळूरला नोकरीला लागली, आणि मी रद्दीतून आणलेल्या निबंधाच्या गाइडांबरोबर मागेच राहिले, पण बसून राहिले नाही. सोसायटीच्या नोटिसा, लग्नाचे बायोडेटा, हॉटेलांची मेनूकार्डं, कंपन्यांची ‘आमच्याविषयी’ ही पानं, सगळं माझ्याकडे येतं. आमच्या इमारतीत मला ‘इंग्लिशवाल्या काकू’ म्हणतात, आणि त्यात थोडी थट्टा आहे हे मला कळतं. मुळशीच्या जयसिंगचं काम आलं तेव्हा मात्र मला वाटलं होतं, हे आपलं काम आहे. त्यांच्या रिसॉर्टमध्ये रिसेप्शनपासून जेवणाच्या हॉलपर्यंत एक लांब भिंत आहे. त्या भिंतीवर त्यांना या जागेचा इतिहास हवा होता, काळाचे टप्पे पाडून, प्रत्येक टप्प्याला एक फोटो आणि तीन-चार ओळी, इंग्रजीत. “म्हणजे मॅडम, माणूस जेवायला चालत जाता जाता प्रगती झाली पाहिजे,” असं ते म्हणाले होते. मला ते आवडलं होतं. भरभराटीच्या काळांसाठी इंग्रजीत जितके शब्द आहेत तितके मी मसाल्याच्या डब्यासारखे जवळ ठेवलेले आहेत. बूम म्हणजे पैशांचा, झटक्यात येणारा आणि जाणारा. हेडे म्हणजे ऐन भराचा काळ, तो संपून गेल्यावरच ज्याला हेडे म्हणता येतं. रेनेसान्स म्हणायचं तर आधी काहीतरी मेलेलं असावं लागतं. आणि गोल्डन एज, जो कुणालाही कधीही लावता येतो, म्हणून तो मी शेवटी वापरते, चिमूटभर. भिंतीच्या पहिल्या टप्प्यांत मी भातखाचरं लिहिली, मग धरण, मग वीज, मग रस्ता, मग शनिवार-रविवारचे पाहुणे, आणि तिथेच ते सुवर्णकाळाचं वाक्य. शेवटचा टप्पा तेवढा राहिला होता. त्यासाठी जयसिंग म्हणाले होते, “त्यात एवढं आलं पाहिजे, की आता किनारा सगळा मोकळा आहे. कोणाचा काही अडथळा नाही.” तेव्हा मी ‘बरं’ म्हटलं होतं. फ्लेक्स बघितल्यावर ते ‘बरं’ मला परत घ्यावंसं वाटलं.

“अहो, माझं वाक्य चौकात लागलंय,” मी विलासना म्हटलं. ते ऑफिसातून येऊन मोजे काढत होते. “मग पेढे आण,” ते म्हणाले. मी म्हटलं, मला न विचारता लावलंय, आणि प्लॉट विकायला. ते म्हणाले, “नलू, वाक्य काय सातबाऱ्यावर असतं का? दिलंस ना त्याला? झालं.” आणि मग, मी परात ओढली हे बघून, जरा मऊपणाने, “बाकी फ्लेक्स छान दिसतोय. मी बघितला सकाळी. मला वाटलंच कुणीतरी शिकलेल्या माणसानं लिहिलंय.” ही त्यांची माया. ती नेहमी अशी दाराच्या फटीतून येते, पूर्ण दार उघडून कधी नाही. मी भाकऱ्या थापत राहिले आणि मनात ते दोन शब्द थापत राहिले. कुणीही राहत नसलेला. हे इतकं ठासून का सांगावं लागावं? ज्या घरात चोरी झालेली नसते त्या घरातलं कुणी दारात उभं राहून ‘आमच्याकडे चोरी झाली नाही’ असं सांगत नाही. इंग्रजी लिहिता लिहिता मला एक खोड लागली आहे, की वाक्य जितकं गुळगुळीत तितका माझा हात त्याच्या खालून फिरतो, पाटाखालून फिरवावा तसा, कुठे खिळा वर आला आहे का बघायला. ‘त्या दशकाने वेगवान प्रगती पाहिली’ असं मी किती जणांना लिहून दिलं असेल. इंग्रजीत दशकं बघत असतात, शतकं साक्षीदार असतात. पण त्यातल्या एकालाही कुणी उभं करून विचारलेलं नाही, की बाबा, तू नक्की काय बघितलंस, आणि तेव्हा तू कुठे उभा होतास.

मी स्वतः एका भरभराटीच्या काळात वाढलेली आहे, असं माझी आई मरेपर्यंत म्हणत असे. बार्शीकडचं आमचं गाव, सरकी काढायची मिल, सकाळचा भोंगा, त्या भोंग्यावर साऱ्या गावाचा चहा उकळायचा. “आपले चांगले दिवस होते ते,” आई म्हणायची, आणि हे ती मिल बंद पडल्यावर म्हणायला लागली, आधी कधीच नाही. मला त्या चांगल्या दिवसांतलं आठवतं ते एवढंच की सगळीकडे कापूस होता. पाण्याच्या हंड्यावर, आमटीवर, वडिलांच्या पापण्यांवर. वडील घरी आले की आधी खोकायचे आणि मग चपला काढायचे, म्हणजे आम्हांला खोकल्यावरून कळायचं की ते आले. मी एकदा आईला म्हटलं, “तेव्हा तर बाबा रात्रभर झोपायचे नाहीत.” आई म्हणाली, “तुला काय कळतंय, तू लहान होतीस.” आणि पाठ फिरवून बसली. मला तेव्हापासून वाटत आलं आहे, की सुवर्णकाळ हा कुणालातरी दम देऊन गप्प बसवल्याशिवाय तयार होत नाही. आईचा तो खराच होता, मी तो खोटा म्हणणार नाही. पण त्यात वडिलांचा खोकला बसत नव्हता, म्हणून तिने तो बाहेर ठेवला, पाहुणे येणार असले की मोडकी खुर्ची गच्चीत ठेवतात तसा. आता जयसिंगच्या भिंतीवरून काय बाहेर ठेवायचं चाललं होतं, ते मला कळत नव्हतं. आणि जे बाहेर ठेवायचं ते माझ्याच हाताने उचललं जाणार होतं, हे मात्र कळत होतं.

फोन केला तर जयसिंग आनंदातच. “मॅडम, बघितलात? अहो, तुमचीच जाहिरात केली की मी.” मी विचारलं, ते खालचे दोन शब्द कुणाचे. “ते एजन्सीवाल्यांनी टाकले. चुकीचे आहेत का?” स्पेलिंग बरोबर आहे, मी म्हटलं. ते हसले. मग म्हणाले की येत्या शनिवारी या, आमच्या पुतण्याच्या बायकोचं माप आहे, पाणी पुरतं उतरलंय. “या तुम्ही, शेवटच्या बोर्डासाठी कंटेंट मिळेल.” मला वाटलं लग्न आहे. लग्न तर हिवाळ्यातच झालं होतं, आणि झालंही होतं महाळुंग्याच्या लॉनवर, डीजे लावून. मग आता मे महिन्यात कसलं माप, आणि त्याचा पाण्याशी काय संबंध, हे त्यांनी फोनवर सांगितलं नाही. मला संशय आला की मला बोलावून, जेवू घालून, तो शेवटचा टप्पा माझ्याकडून काढून घ्यायचा आहे. संशय आला तरी मी गेले. मारुंजीतून रिसॉर्टसाठी भाजी नेणारी गाडी येते तिच्यात पुढे बसून, मागे कोबी आणि सिमला मिरची, घोटावडे, पौड, मग ताम्हिणीच्या बाजूला लागलेला रस्ता, आणि दर वळणावर एखादा फ्लेक्स, आणि प्रत्येकात कुणीतरी सुवर्णकाळ, पर्व, पहाट असं काहीतरी आणत होतं. इतक्या पहाटा एकाच रस्त्यावर, आणि ऊन मात्र डोक्यावर.

तळं उतरलं होतं. मी मुळशी पावसाळ्यात बघितलेली, काठोकाठ. आता पाणी लांब, खाली, लाजल्यासारखं आक्रसून बसलेलं, आणि ते आणि आपण यांच्यामध्ये मोठा तपकिरी उतार, भेगाळलेला, मधेमधे पांढुरके दगड. आम्ही रिसॉर्टच्या मागच्या पायऱ्यांनी उतरत गेलो. पुढे जयसिंग, पांढरा शर्ट, पँट दुमडलेली, हातात पितळी माप, त्यात तांदूळ. त्यांच्या मागे पुतण्या रोहित आणि त्याची बायको सायली, हिंजवडीतल्या कंपनीतली मुलगी, हिरवी पैठणी आणि खाली स्पोर्ट शूज. आणि सगळ्यांच्या आधीच तिथे पोचलेली, एका दगडापाशी हळदी-कुंकवाचं ताट घेऊन उकिडवी बसलेली एक म्हातारी. “आमच्या काकी,” जयसिंग म्हणाले. “रत्नाबाई.” जवळ गेल्यावर मला कळलं की तो दगड म्हणजे उंबरा आहे. घर नाही, भिंत नाही, चौकट नाही, जमिनीतून वर आलेला एक लांबट घडीव दगड, मध्ये पावलांनी झिजलेला, ओल्या शेणाने नुकता सारवलेला. धरणाचं पाणी चढलं तेव्हा त्या घरातली माणसं वर गेली. देव नेले, वासे नेले, दारं नेली. उंबरा निघाला नाही. तेव्हापासून या घरात रीत आहे, की सून लग्न होऊन वरच्या घरात आली तरी ती आली असं धरत नाहीत. उन्हाळ्यात पाणी उतरलं, उंबरा उघडा पडला, की तिने खाली येऊन त्यावरचं माप ओलांडायचं, मग ती घरात आली. ज्या वर्षी पाणी कमी उतरतं त्या वर्षी सून वर्षभर थांबते. “म्या दोन उन्हाळे पाव्हनी म्हनून ऱ्हायले,” रत्नाबाई सायलीला सांगत होती. “सासू म्हनायची, तू अजून आली कुटं हायेस, कामाला बरी लावलीया तुला तवर.” सायली हसली. शूज काढले. चटका बसला तशी एक पाय उचलून उभी राहिली.

आणि तेव्हाच जयसिंगना फोन आला. माप उंबऱ्यावर ठेवून, पाण्याकडे तोंड करून, ते बोलायला लागले. वारं आमच्याकडे होतं म्हणून सगळं ऐकू आलं. “हां हां, एकदम क्लिअर जागा. छे हो, कोणी राहत नाही. राहत नव्हतंच कधी, सगळा पडीक भाग. एक पत्र्याचं आहे ते पावसाआधी काढतोय.” रत्नाबाईने मान वर केली नाही. ती मापातले तांदूळ बोटाने सारखे करत होती, बराच वेळ, आधीच सारखे असलेले. फोन खिशात ठेवून जयसिंग वळले, चेहरा तसाच प्रसन्न, आणि उंबऱ्याला दोन्ही हात लावून वाकले. डोकं टेकवलं. देखाव्याचं नव्हतं ते. मी माणसं बघते, मला फरक कळतो. डोकं टेकवताना त्यांचे डोळे मिटलेले होते आणि ओठ हलत होते. “चल बाळा,” ते सायलीला म्हणाले, “उजवा पाय.” तिने माप लवंडलं. तांदूळ आतल्या बाजूला सांडले. आत म्हणजे कुठे, तर भेगा पडलेल्या मोकळ्या जमिनीवर, पण सगळे बाजूला सरकले, तिला आत जायला जागा करून दिली, आणि रोहित तर चौकटीला डोकं लागू नये म्हणून किंचित वाकला. नसलेल्या चौकटीखाली वाकणारी ही माणसं, आणि असलेल्या घराला नाही म्हणणारीही हीच. मला जयसिंगचा राग यायला हवा होता. आला तो गोंधळ. मी नंतर पायऱ्या चढताना त्यांना विचारलं, की उंबऱ्याला डोकं टेकवता आणि फोनवर म्हणता कोणी राहतच नव्हतं, ते कसं. ते दम खात थांबले. “मॅडम, ते देवाचं, हे धंद्याचं,” ते म्हणाले, शांतपणे, मलाच समजत नाही याचं थोडं वाईट वाटून. “आणि काकीला मी रस्त्यावर टाकत नाहीये. महाळुंग्याला फ्लॅट ठेवलाय तिच्यासाठी. लिफ्ट, गॅस, सगळं.”

पत्र्याचं म्हणजे रत्नाबाईचं घर. विटांच्या दोन खोल्या, वर पत्रे, दारात जास्वंद, माशाचं जाळं वाळत टाकलेलं. जेवणानंतर मी एकटीच तिकडे गेले. तिने मला दारातच थांबवलं. “कुनाकडची तू? एजंट हाय का?” मी म्हटलं, “नाही हो मावशी, मी इंग्रजी लिहिते.” “मंग तेच की,” ती म्हणाली, आणि मला आत घेतलं. चहा कोरा होता. तिचं बोलणं सरळ होतं पण डोळे सारखे माझ्या पर्सकडे, त्यातून काही कागद निघतो का बघायला. जागा तिच्या नावावर नाही, दिराच्या, म्हणजे जयसिंगच्या वडिलांच्या नावावर. तिचं असं काही नाही. तिचा नवरा गेल्यावर तिला इथे खाली राहायला दिलं, कारण कुणीतरी खालीच राहायचं असतं. पाण्यावर लक्ष ठेवायचं, उंबऱ्याचा कोपरा दिसला की वर सांगायचं, पहिलं सारवायचं. “तितनं, त्या महाळुंग्यातनं, मला कसा दिसल उंबरा?” ती म्हणाली. “आन त्येच्या फ्लॅटला उंबरा न्हाईच. बघून आले मी. फरशी सरळ आत जाती, कुटनं घर चालू झालं कळतच न्हाई.” मी विचारलं, जयसिंगना सांगितलंत का. “सांगितलं. त्यो म्हनतो, काकी, खालचं मी बघीन. बघल बी. ल्हानपनापास्नं बघत आलाय त्यो, लई जीव हाय त्येचा माज्यावर.” मग थांबून, “म्हनून तर भ्या वाटतंया. परक्याशी भांडता येतं.” मग तिने विचारलं, भिंतीवर काय लिहितेस. मी सांगितलं, मराठी करून. भातखाचरं, धरण, वीज, रस्ता. ‘भरभराटीचा काळ’ म्हटल्यावर तिने हात वर करून मला थांबवलं. “त्यात माजा रेडू लिव्ह. पयला रेडू हितं माज्याकडं आला. सगळी खाली ऐकाय यायची.” मला वाटलं होतं ती चिडेल, रडेल. तिला भरभराटीच्या काळात जागा हवी होती, एवढंच. “आन शेवटी काय हाय?” मी म्हटलं, शेवटचं अजून लिहिलेलं नाही. तिने माझ्याकडे तिरकं बघितलं. “का? शाई सपली?”

त्या दिवसानंतर मी आमच्या गॅलरीत बसून शेवटचा टप्पा लिहीत होते, आणि तो लिहिला जात नव्हता. मी खोटं लिहायला घाबरत होते असं नाही. खोटं इंग्रजीत लिहिणं सोपंच असतं. ‘रहिवाशांचे स्थलांतर करण्यात आले’ असं लिहिलं की कुणी केलं ते वाक्यातच शिरत नाही, दाराबाहेर चपला काढून बसतं. अडचण अशी होती की मला प्रत्येक चांगल्या वाक्यात पत्रे काढल्याचा आवाज यायला लागला. खाली फाटकापाशी गावातले म्हातारे बहिरूअप्पा बसले होते. रोज संध्याकाळी प्लास्टिकची खुर्ची घेऊन बसतात, रस्त्याकडे पाठ आणि इमारतीकडे तोंड. आम्ही राहायला आलो तेव्हापासून मला त्यांचा संशय होता. बायका येतात-जातात, हे काय असं आत बघत बसणं. मी सोसायटीत एकदा तक्रारीचा विषयही काढला होता, इंग्रजीत. त्या दिवशी मी दळण आणायला उतरले आणि पहिल्यांदाच विचारलं, “अप्पा, रोज काय बघता?” ते गडबडले. मग काठीने आमच्या लिफ्टकडे दाखवलं. “हीर हुती तितं,” ते म्हणाले. “पानी लई गोड.” आमच्या बिल्डरच्या पुस्तिकेत या जागेला ‘ओपन लँड’ म्हटलेलं आहे. ती पुस्तिका आम्ही किती आनंदाने बघितली होती, विलास आणि मी, एकमेकांच्या खांद्यावरून. मी लिफ्टने वर आले आणि वर येईपर्यंत मला वाटत राहिलं की आपण पाण्यातून वर ओढले जातोय.

मग मी लिहिलं. आधी रेडिओ, मधल्या टप्प्यात, विजेच्या खालच्या ओळीत बसवला. आणि शेवटच्या टप्प्यात ना एज, ना एरा, ना पहाटेचा डॉन. तीन शब्द. ‘रत्नाबाई लिव्ह्‌ज हिअर.’ रत्नाबाई इथे राहतात. त्याखाली पत्र्याच्या घराचा फोटो, जास्वंदीसकट, मीच काढलेला. इतक्या वर्षांत मी इतकं लहान वाक्य कुणाला दिलं नव्हतं. पाठवताना दिसत होतं, की जयसिंग चिडतील, काम जाईल, आणि त्याहून वाईट म्हणजे ते दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतील आणि ते गुळगुळीत असेल. त्यांचा फोन आला. “मॅडम, हे काय?” मी म्हटलं, “तुमचे पाहुणे शहरातून येतात. त्यांना मोकळी जागा काय, कुठेही विकत मिळते. आधीपासून राहणारं माणूस मिळत नाही.” हे मी आधी ठरवलेलं नव्हतं. धंद्याच्या भाषेत बोललं की त्यांना ऐकू येतं, हे मला त्या पायऱ्यांवर कळलं असावं. त्यांच्या मागे कुठेतरी भिंतीला रंग देणारी माणसं हिंदीत काहीतरी ओरडत होती. मग म्हणाले, “शॉर्ट आहे. पण छान आहे.” आणि जरा वेळाने, वेगळ्याच आवाजात, “काकीला वाचून दाखवलंत?”

पावसाळा गेला. तळं भरलं, उंबरा पाण्याखाली गेला. चौकातला फ्लेक्स निघाला, त्या जागी मोमोजच्या गाड्याचा आला. जयसिंग मधे एकदा फोनवर म्हणाले, “सगळ्यात हिट बोर्ड तोच आहे. पाहुणे विचारतात, रत्नाबाई कुठंय. आता तिला हलवून कसं चालेल. त्या बाजूचे प्लॉट थांबवलेत सध्या.” मला आनंद झाला, आणि त्या ‘सध्या’वर बोट अडलं, वर आलेल्या खिळ्यावर अडावं तसं. पुढे ते म्हणाले की तिच्या घराकडे बाण लावलाय, एक बाक टाकलाय, आणि बाहेरच्या भिंतीवर वारली काढून घेतली आहे. मुळशीत वारली कुठून आली, असं मी विचारलं नाही. पुढच्या आठवड्यात रत्नाबाईचाच फोन आला, रोहितच्या मोबाइलवरून. “बाई, त्येंच्या भितीवर तू काय लिव्हलंस?” मी म्हटलं, “तुम्ही इथं राहता, असं.” “येवढंच?” “एवढंच. आणि वरती रेडिओ.” “मंग ही मानसं काय बघाय येत्यात? ऱ्हाती का न्हाई त्ये?” मग ती म्हणाली, “काल येक पोरगी आलती, चांगली हुती. म्हनली, आजी, तुमी खरंच हितं ऱ्हाता का शनवार-आयतवारी बसाय ठेवलंय तुमाला?” “मग तुम्ही काय म्हणालात?” “म्या म्हनलं, बुदवारी ये.”

ती मुलगी बुधवारी गेली असेल असं मला वाटत नाही. मी गेले. विलासना म्हटलं, जाऊन येते, आणि ते म्हणाले, “आता काय, वाक्य बघायला?” हो म्हटलं. खरं तर तेच होतं. मी लिहिलेलं बुधवारीही खरं आहे का, हे मला बघायचं होतं. मला माझ्याच वाक्याचा भरवसा नव्हता. शनिवारी तिला बाकावर बसवून, एरवी महाळुंग्याच्या सातव्या मजल्यावर ठेवली असेल तर? तर ते वाक्य फ्लेक्सवरच्यापेक्षा वाईट, आणि ते माझं. रिसॉर्ट ओस होतं. भिंतीपाशी एक माणूस फरशी पुसत होता, प्रगतीच्या टप्प्यांवरून फडकं मारत जेवणाच्या हॉलकडे चालला होता. मी बाणामागून खाली गेले. वारलीवाल्या भिंतीचा रंग एका बाजूने फुगला होता, ओल आली होती. बाक रिकामा होता. दार बंद होतं, आणि मी तिथेच उभी राहिले, परत फिरावं का कडी वाजवावी कळेना. मग मागच्या बाजूने भांडं आपटल्याचा आवाज आला. रत्नाबाई घरामागे, बाणाला पाठ करून, पाण्याकडे तोंड करून बसली होती, तांदूळ निवडत. समोर सगळं पाणीच होतं, सपाट, करडं, आणि ती एका ठराविक जागेकडे बघत होती. माझ्या पावलांनी ती वळली. डोळे बारीक केले.

“कोन?”

“मी. नलिनी. इंग्रजीवाली.”

“आज बुदवार,” ती म्हणाली.

“हो.”

तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं, हातात फोन आहे का तेही बघितलं. “म्हंजी तुला बी खातरी न्हवती,” ती म्हणाली. तिने सूप जरा बाजूला सरकवलं, माझ्याएवढी जागा केली, आणि मुठीने थोडे तांदूळ माझ्यापुढे ओतले. “बस. खडं लई हायेत ह्यात.”